प्रस्तावना : फाइल उघडतंय कोण?

‘मी चालवलं की चालतं, शेड्यूलवर लावलं की फेल होतं.’ नेटवर्क ड्राइव्हवरची डेटाबेस फाइल वाचणाऱ्या जॉबबद्दलच्या बहुतेक तक्रारी या एका वाक्यात मावतात. पॅकेज तेच, फाइल तीच. दुपारी डेव्हलपरने व्हिज्युअल स्टुडिओत बटण दाबलं तेव्हा प्रत्येक पायरीवर हिरवी खूण आली. रात्री दोन वाजता एसक्यूएल सर्व्हर एजंटने तेच पॅकेज उचललं आणि पहिल्याच पायरीला लाल फुली. सकाळी सगळ्यांचं लक्ष फाइलकडे जातं. जागेवर आहे ना? आहे. उघडते ना? उघडते. मग दोष पॅकेजचा ठरतो, आणि ज्या मुलीने किंवा मुलाने ते लिहिलं त्यांचा अख्खा दिवस बरोबर असलेलं पॅकेज पुन्हा पुन्हा तपासण्यात जातो.

ही पुस्तिका तो दिवस वाचवण्यासाठी आहे. तिच्यात सांगण्यासारखी मुख्य गोष्ट एकच आहे. आपण पहिला प्रश्नच चुकीचा विचारतो. ‘फाइल कुठे आहे’ हे नंतर पाहू. आधी विचारायचं ते हे की फाइल उघडतंय कोण : कोणत्या नावाने, कोणत्या मशीनवरून, कोणत्या लॉगइन सेशनमधून. या तिन्हींची उत्तरं हातात असली की निम्म्याहून अधिक प्रकरणं तिथेच निकाली निघतात, आणि उरलेली निदान ओळखू येतात.

विषयाची हद्द सांगतो. इथे जॉब म्हणजे मुख्यतः एसएसआयएसचं, म्हणजे एसक्यूएल सर्व्हर इंटिग्रेशन सर्व्हिसेसचं, पॅकेज. एसक्यूएल सर्व्हर ७ बरोबर १९९८ मध्ये आलेल्या डीटीएसची जागा २००५ मध्ये या साधनाने घेतली, आणि विंडोजवर काम करणाऱ्या कचेऱ्यांमध्ये आजही तेच सर्वांत जास्त दिसतं. फाइल म्हणजे अ‍ॅक्सेसची एमडीबी किंवा एसीसीडीबी, आणि फॉक्सप्रोची डीबीएफ. कुणी म्हणेल, इतक्या जुन्या फाइली अजून कोण वाचतं? व्हिज्युअल फॉक्सप्रोची शेवटची आवृत्ती २००४ ची, तिचा सपोर्ट जानेवारी २०१५ मध्ये संपला, हे खरं. पण सपोर्ट संपला म्हणून पतसंस्थेचं खतावणीचं काम थांबत नाही. महाराष्ट्रात पतसंस्थांची खाती, कारखान्यांच्या ऊसनोंदी, पगारपत्रकं अशी कितीतरी कामं फॉक्सप्रोत उभी राहिली आणि त्यांतली काही आजही चालू आहेत. मुख्य कार्यालयात नवी प्रणाली आली तरी शाखेतली माहिती रोज रात्री उचलून आणावीच लागते. शिवाय पुण्यात बसून परदेशातल्या कंपन्यांचे जॉब सांभाळणाऱ्यांच्या वाट्यालाही हेच येतं. पलीकडच्या कारखान्यातल्या एका विभागाने वीस वर्षं जपलेली अ‍ॅक्सेस फाइल, आणि ती आपल्या वेअरहाउसमध्ये आणायची जबाबदारी.

एक मूळ फरक मनात पक्का असू द्या. एसक्यूएल सर्व्हरशी आपण बोलतो तेव्हा पलीकडे उत्तर देणारी प्रक्रिया असते. आपण प्रश्न पाठवतो, ती शोधून उत्तर देते. फाइल-डेटाबेसच्या पलीकडे असं कुणीही नसतं. तिथे असतो फक्त शेअर, आणि शेअरवर बाइट. इंजिन आपल्याच मशीनवर चालतं, आणि निर्देशांकाचं प्रत्येक पान, प्रत्येक लॉक, प्रत्येक ओळ नेटवर्कवरून ये-जा करते. त्यामुळे या जॉबमध्ये काहीही बिघडलं तरी तो बिघाड ‘वाचणाऱ्या’च्या बाजूला दिसतो. पलीकडे त्याचा लॉग ठेवणारं कुणी नाही.

आता ड्राइव्हचं अक्षर. झेड ड्राइव्ह ही मशीनची मालमत्ता नाही, ती एका लॉगइन सेशनची आहे. सकाळी आपण लॉगइन केलं, स्क्रिप्टने झेडला अमुक सर्व्हरवरचा अमुक शेअर जोडून दिला, की ते नातं आपल्या सेशनपुरतं तयार होतं. त्याच मशीनवर पार्श्वभूमीला चालणाऱ्या सर्व्हिसला त्याचा पत्ता नसतो, कारण ती वेगळ्या सेशनमध्ये, वेगळ्या नावाने चालते. घरातल्या माणसाला ‘वरच्या फडताळात ठेवलंय’ सांगितलं की पुरतं. पोस्टमनला पूर्ण पत्ता लागतो. एजंट हा पोस्टमन आहे. व्हिस्टापासून तर एकाच माणसाच्या दोन सेशनमध्येही हा भेद पडतो. साध्या खिडकीत दिसणारा झेड, ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ करून उघडलेल्या खिडकीत दिसत नाही. हे पाहून भलेभले गोंधळतात.

अशा वेळी अ‍ॅक्सेसचं इंजिन जो संदेश देतं तो नीट वाचण्यासारखा आहे. हा पाथ वैध नाही, असं तो आधी म्हणतो. मग दोन गोष्टी तपासायला सांगतो : नाव नीट लिहिलंय का, आणि फाइल ज्या सर्व्हरवर आहे त्याच्याशी तुम्ही जोडलेले आहात का. लोक पहिला अर्धा भाग वाचतात आणि स्पेलिंग तपासत बसतात. उत्तर दुसऱ्या अर्ध्यात असतं. उपायही सरळ आहे. पॅकेजमध्ये ड्राइव्हचं अक्षर कधीही लिहू नका. दोन उलट्या तिरप्या रेघांनी सुरू होणारा, सर्व्हरचं नाव आणि शेअरचं नाव असलेला पूर्ण यूएनसी पाथ लिहा, आणि तोही पॅकेजच्या पोटात न ठेवता पॅरामीटरमध्ये. जॉबच्या पहिल्या पायरीत ‘नेट यूज’ चालवून झेड जोडून घेण्याची युक्ती बरेच जण करतात. ती करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. त्या ओळीत बहुधा पासवर्ड उघडा लिहावा लागतो. आदल्या रात्रीचं जोडणं सुटलेलं नसेल तर ‘हे नाव आधीच वापरात आहे’ म्हणून ८५ क्रमांकाची एरर येते. आणि त्याच सर्व्हरशी दुसऱ्या नावाने जोडणी असेल तर १२१९.

पाथ बरोबर झाला तरी नावाचा प्रश्न उरतोच. जॉब कोणाच्या नावाने चालला हे एजंट स्वतःच सांगतो. जॉब हिस्टरीत फेल झालेल्या पायरीवर टिचकी मारा. संदेशाची सुरुवातच ‘अमुक युजर म्हणून चालवलं’ अशी असते. आपली नजर ती ओळ ओलांडून थेट एररकडे जाते. तिथे बहुतेकदा ‘एनटी सर्व्हिस’ने सुरू होणारं एजंटचं आभासी खातं दिसतं. ते खातं त्या मशीनपुरतं आहे. नेटवर्कवर बाहेर पडताना ते मशीनचं नाव धारण करतं, म्हणजे डोमेनमधलं, शेवटी डॉलरचं चिन्ह असलेलं खातं. फाइल सर्व्हरला त्या क्षणी डेव्हलपर दिसत नाही, एजंटही दिसत नाही, दिसतं ते एक मशीन. त्या मशीनला शेअरवर परवानगी दिलेली नसेल तर दार बंद. परवानगीही दोन ठिकाणी तपासावी लागते, शेअरवर एक आणि फोल्डरवर दुसरी, आणि दोहोंपैकी जी कडक तीच लागू होते. डोमेनच नसेल, नुसता वर्कग्रुप असेल, तर मशीनच्या खात्याचा पलीकडे काही उपयोग नाही.

एररचे आकडे इथे खरे वाटाडे आहेत. ५३ म्हणजे सर्व्हरपर्यंत पोचताच आलं नाही. ६७ म्हणजे त्या नावाचा शेअर सापडला नाही. १३२६ म्हणजे नाव किंवा पासवर्ड पटला नाही. ५ म्हणजे ओळख पटली, पण परवानगी नाही. ३२ म्हणजे फाइल दुसऱ्या कुणीतरी धरून ठेवली आहे. हे पाच आकडे पाठ असावेत, कारण प्रत्येकासाठी फोन वेगळ्या माणसाला करायचा असतो. ५३ ला नेटवर्क सांभाळणाऱ्याला, ५ ला फाइल सर्व्हर सांभाळणाऱ्याला, आणि ३२ ला त्या फाइलवर दिवसभर काम करणाऱ्या कारकुनाला.

५ आला की एक मोह होतो : शेअरवर ‘एव्हरीवन, फुल कंट्रोल’ देऊन टाकायचं. जॉब त्याच रात्री चालतो, म्हणून ही सवय लागते. पण त्यानंतर कचेरीतल्या कोणत्याही एका मशीनमध्ये रॅन्समवेअर शिरलं तर त्या शेअरवरची प्रत्येक फाइल त्याच्या हाती लागते. सभासदांच्या ठेवींची माहिती असलेली फाइल अशी उघडी टाकणं मला मान्य नाही, मग कितीही घाई असो. जॉबसाठी डोमेनमध्ये वेगळं खातं घ्या, एसक्यूएल सर्व्हरमध्ये त्याचं क्रेडेन्शियल आणि त्यावर प्रॉक्सी तयार करा, पायरी त्या प्रॉक्सीने चालवा, आणि शेअरवर त्या एकाच खात्याला लागेल तेवढीच परवानगी द्या. एका दुपारचं काम आहे.

‘लागेल तेवढीच’ म्हणजे किती, यात अ‍ॅक्सेसची एक खोच आहे. जॉबला फाइल फक्त वाचायची आहे, म्हणून आपण फक्त वाचण्याची परवानगी देतो. पण अ‍ॅक्सेसची फाइल कुणीही सामायिक पद्धतीने उघडली की इंजिन तिच्या शेजारी एक लॉक फाइल तयार करतं, एमडीबीला एलडीबी आणि एसीसीडीबीला एलएसीसीडीबी. शेवटचा माणूस बाहेर पडला की ती पुसून टाकतं. म्हणून फोल्डरमध्ये फाइल बनवण्याची आणि पुसण्याचीही परवानगी लागते. ती नसेल तर वाचणाराच अडतो, आणि संदेश येतो तो दुहेरी : फाइल दुसऱ्या कुणीतरी फक्त स्वतःसाठी उघडली आहे, किंवा तुम्हाला माहिती पाहायची परवानगी नाही. दोन अगदी वेगळी कारणं, एकच वाक्य.

त्यातलं कोणतं खरं हे ती लॉक फाइलच सांगते. तिची प्रत घ्या आणि नोटपॅडमध्ये उघडा. उघडणाऱ्या प्रत्येकासाठी तिच्यात ६४ बाइटची एक नोंद असते. पहिल्या ३२ बाइटमध्ये मशीनचं नाव, पुढच्या ३२ मध्ये अ‍ॅक्सेसमधलं युजरचं नाव, आणि ते बहुधा ‘अ‍ॅडमिन’ असतं. जास्तीत जास्त २५५ जण, म्हणून ही फाइल १६ केबीच्या आसपासच थांबते. मशीनचं नाव वाचता आलं की रात्री दोन वाजता लेखा विभागातला कोणता संगणक फाइल उघडी टाकून गेलाय हे कळतं. एक काळजी घ्या. बाहेर पडलेल्याची नोंद लगेच पुसली जात नाही, म्हणून त्यात दिसणारं प्रत्येक नाव आत्ता आत आहे असं समजू नका. खात्री फाइल सर्व्हरवरच्या ‘ओपन फाइल्स’च्या यादीवरून करा.

नेटवर्कशी काहीही संबंध नसलेला, पण हमखास नेटवर्कच्या माथी मारला जाणारा एक प्रकार आहे, तो ३२ आणि ६४ बिटांचा. अ‍ॅक्सेसचं जुनं जेट इंजिन फक्त ३२ बिटांत आहे. ६४ बिटांचं एसीई इंजिन २०१० च्या ऑफिसबरोबर आलं. व्हिज्युअल फॉक्सप्रोचा ओएलई डीबी प्रोव्हायडर कधीच ६४ बिटांत आला नाही. उलट एजंट ६४ बिटांचा असल्याने पॅकेजही त्याच रीतीने चालवतो. त्यामुळे डेव्हलपरला ३२ बिटांत सापडणारा प्रोव्हायडर एजंटला सापडत नाही, आणि ‘प्रोव्हायडर नोंदवलेला नाही’ असा संदेश येतो. पायरीच्या गुणधर्मांमध्ये ३२ बिट रनटाइमची चौकट असते. तिच्यावर खूण केली की काम भागतं. कधीकधी पाथ, परवानगी, प्रोव्हायडर सगळं ठीक असून नुसतं ‘अनस्पेसिफाइड एरर’ येतं. तेव्हा ज्या खात्याने जॉब चालतो त्याचं टेम्प फोल्डर पाहा. इंजिनला तात्पुरत्या फाइली तिथे लिहाव्या लागतात, आणि तिथेच मनाई असते.

फॉक्सप्रोच्या फाइलींवर या पुस्तिकेत सर्वांत जास्त पानं खर्ची पडली आहेत. डीबीएफ सहसा एकटी नसते. तिच्याबरोबर मेमोची एफपीटी आणि निर्देशांकाची सीडीएक्स असते, आणि फक्त डीबीएफ उचलून आणली की ती उघडत नाही. फाइलचा पहिला बाइट ती कोणत्या जातीची हे सांगतो : ०३ म्हणजे साधी डीबेस, हेक्स ३० म्हणजे व्हिज्युअल फॉक्सप्रो. जेटचा डीबेस ड्रायव्हर दुसरीला हात लावत नाही, ‘अपेक्षित स्वरूपात नाही’ म्हणतो, आणि लोक फाइल खराब झाली समजून बॅकअप शोधू लागतात. पुसलेल्या नोंदी हे आणखी एक दुखणं. फॉक्सप्रोत नोंद पुसली की तिच्या पहिल्या बाइटमध्ये तारा पडतो, एवढंच. ‘पॅक’ करेपर्यंत ती फाइलमध्येच असते. प्रोव्हायडरला पुसलेल्या नोंदी वगळायला सांगितलं नाही तर खाती बंद केलेले सभासद अहवालात परत येतात. रिकामी तारीख ३० डिसेंबर १८९९ होऊन येते. पलीकडच्या तक्त्यात स्मॉलडेटटाइम असेल तर तो १ जानेवारी १९०० च्या आधीचं काही घेत नाही, आणि जॉब हजारो नोंदी बरोबर भरून एका रिकाम्या तारखेवर आपटतो.

आपल्याकडे याला मराठीची आणखी एक बाजू आहे, आणि तिच्यावर कुणी पुरेसं लिहिलेलं मला दिसलं नाही. युनिकोड रुळण्याआधी नावं आणि पत्ते फाँटवर अवलंबून असलेल्या सांकेतिक रचनेत टंकले जात. पुण्याच्या सी-डॅकचे डीव्हीबी-टीटी मालिकेतले फाँट होते, श्रीलिपीचे होते, आणि इस्कीसारखं १९९१ चं प्रमाणही होतं. फाँटच्या रचनेत बाइट अक्षराचा नसून आकाराचा असतो. पहिली वेलांटी दिसते तशी व्यंजनाच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये ती व्यंजनाच्या नंतर येते. म्हणून रूपांतर करताना नुसता तक्ता पुरत नाही, क्रमही फिरवावा लागतो. पण रूपांतराच्याही आधीच घात झालेला असू शकतो. डीबीएफच्या शीर्षात २९ क्रमांकाच्या जागी कोडपेजची खूण असते. ती रिकामी असेल तर जेटचा ड्रायव्हर मजकूर जुन्या डॉसच्या कोडपेजमधला आहे असं धरून मुकाट्याने बदलून टाकतो. कुठेही एरर येत नाही, जॉब हिरवा दाखवतो, आणि वेअरहाउसमध्ये जे पोचतं त्यावर कोणताही रूपांतरक चालत नाही. काही आकार कायमचे गेलेले असतात. ओळींची संख्या जुळली म्हणजे जॉब यशस्वी, असं मानणाऱ्यांनी हे प्रकरण आधी वाचावं. माणसाचं नाव बिघडवणारा जॉब फेल झालेल्या जॉबपेक्षा वाईट, असं मी मानतो.

तपासाचं मुख्य हत्यार म्हणून मी प्रोसेस मॉनिटरवर भर दिला आहे. सिसइंटर्नल्सचं हे साधन मोफत आहे. जॉबच्या मशीनवर ते चालू करा, फाइलच्या नावाची गाळणी लावा आणि जॉब चालवा. पॅकेज चालवणाऱ्या डीटीएक्झेक किंवा आयएसएसर्व्हरएक्झेकच्या ओळी दिसतील. कोणत्या युजरने, नेमक्या कोणत्या पाथवर, काय करू पाहिलं आणि उत्तर काय मिळालं, हे प्रत्येक ओळीत असतं. ‘पाथ नॉट फाउंड’, ‘अ‍ॅक्सेस डिनाइड’, ‘शेअरिंग व्हायोलेशन’. दहा मिनिटांत वाद मिटतो. एजंट आभासी खात्याने चालत असेल तर आणखी एक चाचणी आहे. पीएसएक्झेकने सिस्टिमच्या नावाने कमांड प्रॉम्प्ट उघडा. तो नेटवर्कवर मशीनच्याच नावाने जातो, म्हणजे एजंटला जे दिसतं तेच तुम्हाला दिसेल. तिथून त्या पाथची ‘डिर’ मागा. हे डेव्हलपरच्या लॉगइनमधून करून पाहण्यात काही अर्थ नाही.

शेअरवरच्या जिवंत फाइलमधून थेट वाचावंच का, हाही प्रश्न मी ठिकठिकाणी विचारला आहे. शेअरवरच्या फाइली ज्या एसएमबी प्रोटोकॉलने येतात त्यात क्लायंटला फाइलचे भाग स्वतःकडे धरून ठेवायची मुभा मिळते. मध्येच नेटवर्क तुटलं तर लिहिणाऱ्याचं पान अर्धवट राहू शकतं, आणि तेच आपण वाचतो. एसक्यूएलाइट बनवणारे तर आपल्या दस्तऐवजात नेटवर्कवरच्या फाइलबद्दल उघडपणे सावध करतात, आणि त्यांची २०१० मध्ये आलेली वॉल (राइट-अहेड लॉगिंग) पद्धत नेटवर्कवर चालतच नाही. माझा आग्रह असा : कचेरी बंद झाल्यावर, लॉक फाइल शेजारी नाही हे पाहून, फाइल तिच्या सगळ्या सोबत्यांसह जॉबच्या मशीनवर उतरवून घ्या, आकार पडताळा आणि मग प्रतीतून वाचा. नेटवर्कचा बिघाड त्या एका नकलेच्या पायरीत अडकतो आणि पुढचं सगळं त्यापासून सुटतं.

काही विषय मी थोडक्यात आटोपले आहेत. आपल्या लॅपटॉपवरून एसक्यूएल सर्व्हरला सांगून तिसऱ्या मशीनवरची फाइल उघडायची असेल तर केर्बेरॉसचं डेलिगेशन लागतं. त्याची मांडणी डोमेन सांभाळणाऱ्यांच्या हातात असते, म्हणून इथे फक्त लक्षणं दिली आहेत. जुन्या एनएएस पेट्यांचंही तसंच. २०१७ पासून विंडोज १० च्या नव्या प्रतींमध्ये अशा पेट्यांना लागणारी एसएमबीची पहिली आवृत्ती सहसा येत नाही, आणि विंडोज ११ च्या २४एच२ मध्ये एसएमबी साइनिंग सक्तीचं झालं. म्हणून अपडेटच्या दुसऱ्या दिवशी बंद पडलेल्या जॉबसाठी आधी ती पेटी तपासा.

पहिलं प्रकरण उघडण्याआधी चार गोष्टी कागदावर लिहून घ्या : जॉब हिस्टरीतली ती युजरची ओळ, जॉबचं मशीन, फाइलचा पूर्ण यूएनसी पाथ, आणि फाइलवर रोज काम करणाऱ्या माणसाचं नाव व फोन. चौथी गोष्ट बहुतेकांकडे नसते. फाइल कधी बंद होते, महिनाअखेरीला कोण उशिरा थांबतं, कोणत्या रकान्यात काय भरतात, हे त्या माणसालाच ठाऊक असतं. त्यालाच विचारून पहिल्या प्रकरणातला तक्ता भरायचा आहे.